खांबावरचं वाक्य

जानेवारी २०१०. आयर्लंडच्या लोकसभेत, तिला तिथे डॉल म्हणतात, सिव्हिल पार्टनरशिपच्या विधेयकावर चर्चा चालू होती. समलिंगी जोडप्यांना लग्न करता येणार नाही, पण घर, वारसा, पेन्शन, कर याबाबतीत नवरा-बायकोला असतात तसे बरेचसे हक्क मिळतील, असं ते विधेयक. फिना गेल हा तिथला जुना, मध्याच्या थोडा उजवीकडचा पक्ष तेव्हा विरोधात होता, पण विधेयकाला त्याचा पाठिंबा होता. त्या पक्षाचे एकतीस वर्षांचे एक खासदार बोलायला उभे राहिले. पेशाने डॉक्टर. मुलांचा आणि दत्तकाचा विषय आला तेव्हा ते म्हणाले, प्रत्येक मुलाला आई आणि वडील असण्याचा हक्क आहे, राज्याने तो होईल तितका राखला पाहिजे, आणि दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी कुटुंब करण्याच्या हक्कापेक्षा तो हक्क कितीतरी महत्त्वाचा आहे.

त्यांचं नाव लिओ वराडकर. सिंधुदुर्गातल्या माणसाला आडनावावरून लगेच गाव कळतं. मालवण तालुक्यातलं, कट्ट्याजवळचं वराड. वडील अशोक वराडकर मुंबईचे, डॉक्टर होऊन साठच्या दशकात इंग्लंडला गेले. तिथल्या नोकरीत त्यांची आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या मिरियम या नर्सशी गाठ पडली आणि सत्तरच्या दशकात दोघं डब्लिनला येऊन स्थिरावली. लिओ त्यांचं शेंडेफळ.

२०११ मध्ये फिना गेल सत्तेत आला. वराडकर आधी वाहतूक आणि पर्यटन खात्याचे मंत्री झाले, २०१४ पासून आरोग्यमंत्री. १८ जानेवारी २०१५ हा त्यांचा छत्तिसावा वाढदिवस. रविवार होता. सकाळी आरटीई रेडिओवर मिरियम ओ'कॅलहन यांच्या कार्यक्रमात ते आले आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की मी गे आहे, हे काही गुपित नाही, पण जाहीरपणे मी आजवर बोललो नव्हतो. आत्ताच का, तर समलिंगी विवाहावरचं सार्वमत काही महिन्यांवर आलं होतं. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरच्या बंदीचं काय करायचं ते आरोग्यमंत्री म्हणून त्यांनाच ठरवायचं होतं, सरोगसीचा कायदाही यायचा होता. आपला काही छुपा हेतू आहे असं कुणाला वाटू नये, लोकांशी खरं बोलावं, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा ब्लँचर्ड्सटाउनला, म्हणजे त्यांच्याच मतदारसंघात, एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, दर रविवारी न चुकता मासला जाणाऱ्या, जन्मभर फिना गेलला मत दिलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळपासून चालूच असे. चर्चला निघायचं म्हणून त्यांनी अंगात कोट चढवला होता, त्याची खालची बटणं लावायची राहिली होती, आणि तशाच त्या सिंकपाशी उभ्या राहून मुलाखत शेवटपर्यंत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "त्याच्या आईला ठाऊक असणार." आणि मग थोड्या वेळाने, जरा कडक आवाजात, "मग त्या वेळी तो बोलला ते कुणाबद्दल? मला तर तेव्हा ते पटलं होतं."

त्या बाईंच्या या दोन वाक्यांनी मला जेवढा विचार करायला लावला तेवढा नंतर वाचलेल्या कुठल्याच लेखाने लावला नाही. मुलाखत झाली आणि देशभर कौतुक झालं. ते योग्यच होतं, कारण त्या वेळच्या आयर्लंडमध्ये मंत्रिपदावर असताना असं बोलायला धाडस लागत होतं. पण पाच वर्षांपूर्वी त्यांचं भाषण ऐकून, वर्तमानपत्रात वाचून, ज्यांनी मान डोलावली होती त्यांचं काय? आपला डॉक्टर, शिकलेला पोरगा सांगतोय म्हणजे विचार करूनच सांगत असेल, असं म्हणून त्यांनी ते वाक्य आपलं केलं होतं. नेता पुढे गेला आणि ते वाक्य त्यांच्यापाशीच राहिलं.

मे महिन्यात ते वाक्य मला रोज दिसायला लागलं. सार्वमताचा प्रचार सुरू झाला तसे रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर फलक लागले. आयर्लंडमध्ये निवडणूक म्हणजे एकेका खांबावर चार-चार फलक, एकाच्या डोक्यावर दुसरा. शहरात जायला मी ३९ नंबरची बस पकडायचे. त्या थांब्याजवळच्या खांबावर तरुण आई-बाप आणि त्यांच्या मधोमध बाळ असा एक मोठा फोटो होता. खाली मजकूर, मुलांना आई आणि वडील मिळायलाच हवेत, 'नाही' म्हणून मत द्या. म्हणजे जवळजवळ शब्दशः तेच, जे २०१० मध्ये सभागृहात ऐकू आलं होतं. (फोटोतलं जोडपं बाहेरच्या देशातलं होतं, फोटो विकत मिळणाऱ्या संग्रहातून घेतलेला होता. त्यांना हे कळल्यावर त्यांनी ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेमार्फत जाहीर केलं, की आम्ही असतो तर 'हो' म्हणूनच मत दिलं असतं.)

ते वाक्य वराडकरांचं एकट्याचं कधीच नव्हतं. त्यांच्या आधी चर्चच्या व्यासपीठांवरून, वर्तमानपत्रांतल्या पत्रांतून, घराघरांतल्या जेवणाच्या टेबलांवरून ते फिरत होतं. त्या काळात त्या पक्षातल्या तरुण माणसाने उच्चारायला ते सर्वांत सुरक्षित वाक्य होतं आणि ज्याला स्वतःबद्दल काही लपवायचं आहे त्याच्यासाठी तर अधिकच सुरक्षित. मला त्याबद्दल त्यांचा राग येत नाही. एकतीस वर्षांचा तो माणूस आतून कसा असेल या विचाराने वाईटच वाटतं. पण सभागृहात बोललेल्या शब्दांची नोंद होते, ते छापले जातात, त्यांना एक वजन मिळतं, आणि ते वजन घेऊन ते पुढे खांबांवर चढतात. म्हणून पुराणमतवादी पुढाऱ्याचं मत बदलतं तेव्हा मला एकच गोष्ट पाहावीशी वाटते. त्याने आपलं जुनं वाक्य गाठून ते उतरवलं का?

लोक सहसा दुसरंच विचारतात. बदल मनापासूनचा की मतांसाठीचा? मुलगा किंवा मुलगी गे निघाली म्हणून डोळे उघडले का? अमेरिकेतल्या ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांना हेच ऐकावं लागलं. १९९६ मध्ये प्रतिनिधीगृहात असताना त्यांनी 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'च्या बाजूने मत दिलं होतं. केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं, असं ठरवणारा तो कायदा. २०११ मध्ये त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आई-वडिलांना सांगितलं की मी गे आहे, आणि मार्च २०१३ मध्ये पोर्टमननी आपल्या राज्यातल्या वर्तमानपत्रात लेख लिहून समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला. टीका झाली, की स्वतःच्या घरात आल्याशिवाय या लोकांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही. टीका खोटी नव्हती. मुलं तर सगळ्यांचीच असतात, गरिबांचा, आजाऱ्यांचा, स्थलांतरितांचा मुलगा सिनेटरच्या घरात जन्माला येणार नसतो.

पण मी पोर्टमनना मानते ते नंतरच्या गोष्टीसाठी. २०२२ मध्ये, निवृत्तीच्या अगदी तोंडावर, विवाहाच्या हक्काला संरक्षण देणाऱ्या कायद्यासाठी आपल्या पक्षातली मतं जमवणाऱ्या मोजक्या सिनेटरांमध्ये ते होते. २९ नोव्हेंबरला सिनेटमध्ये तो ६१ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झाला, त्यात बारा रिपब्लिकन होते. आणि त्या कायद्याने रद्द काय केलं, तर १९९६ चा तोच कायदा, ज्याला त्यांनी स्वतः हात वर केला होता. सव्वीस वर्षांनी का होईना, माणूस आपल्याच मतापाशी परत गेला आणि ते पुसून आला. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही, पण हे काम दिसतं.

आयर्लंडने हे काम कसं केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त बोलते. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे, १८६१ आणि १८८५ चे ब्रिटिशांनी केलेले कायदे तिथे स्वातंत्र्यानंतरही तसेच चालू राहिले होते. सप्टेंबर १९८२ मध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमध्ये डेक्लन फ्लिन नावाच्या तरुणाला समलिंगी समजून टोळक्याने मारून टाकलं. पुढच्या मार्चमध्ये मारेकऱ्यांना न्यायालयाने शिक्षा सुनावली खरी, पण ती स्थगित ठेवून त्यांना घरी सोडलं. लोक त्या पार्कपर्यंत मोर्चा घेऊन गेले. त्याच वर्षी जेम्स जॉइसचे अभ्यासक डेव्हिड नॉरिस या कायद्यांविरुद्धचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. ते युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये जिंकले. त्यांच्या वकील मेरी रॉबिन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या. तरी सरकार हलेना. पाच वर्षं निकाल नुसता पडून होता.

१९९३ मध्ये कायदामंत्री झालेल्या मॉइरा गेगन-क्विन मूळच्या पश्चिमेकडच्या, गॉलवेच्या, फिआना फॉल या परंपरेला धरून चालणाऱ्या पक्षातल्या. त्यांना भेटायला कार्यकर्त्यांचं शिष्टमंडळ आलं त्यात एका गे मुलाची आई होती. ती कायद्याचं काही बोलली नाही, मुलाबद्दल बोलली. गेगन-क्विन स्वतः आई होत्या. त्या वर्षी त्यांनी आणलेलं विधेयक अर्धंमुर्धं नव्हतं. स्त्री-पुरुष संबंधांना जे संमतीचं वय तेच समलिंगी संबंधांना, ब्रिटनमध्ये तेव्हा होती तशी पंक्तिभेदाची तरतूद त्यात ठेवली नाही. परंपरावादी पक्षाच्या मंत्र्याने हे केलं म्हणून गावोगावच्या पाद्र्यांना, आजीआजोबांना ते पचलं, असं मला तिथली जुनी माणसं सांगत.

मग २०१३. सरकारने घटनेतल्या काही बदलांवर विचार करायला शंभर जणांची एक परिषद बसवली होती. एक अध्यक्ष, तेहतीस राजकारणी आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मतदारयादीतून उचललेले सहासष्ट सामान्य नागरिक. एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी हे सगळे डब्लिनजवळच्या मॅलहाइडला एका हॉटेलात समलिंगी विवाहावर बोलायला बसले. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर चार-दोन पुढारी आणि बाकी साधी माणसं. वकील बोलले, चर्चचे लोक बोलले, तज्ज्ञ बोलले. आणि समलिंगी आई-बापांच्या घरी लहानाची मोठी झालेली तरुण मुलं बोलली. मुलांना आई आणि वडील हवेत, हे म्हणणं ज्यांच्या नावाने वर्षानुवर्षं केलं जात होतं तीच मुलं समोर उभी राहून सांगत होती, की आमचं घर हे असं होतं, आम्हाला त्यात काही कमी पडलं नाही, कमी पडलं ते कायद्याचं छत्र. परिषदेच्या ७९ टक्के सदस्यांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दिलं.

तिथे बसलेल्या आमदार-खासदारांची मतं बदलण्याची ती एक मानाची जागा होती, असं मला वाटतं. टीव्हीच्या चर्चेत कुणी मत बदललं तर त्याची हार होते. त्या टेबलावर शेजारच्या माणसाचं ऐकून मत बदलणं हेच बसण्याचं कारण होतं. पंतप्रधान एन्डा केनी मेयो परगण्यातले, शाळामास्तरकी केलेले, जुन्या वळणाचे कॅथलिक. समलिंगी विवाहाबद्दल विचारलं की कितीतरी दिवस ते उत्तर टाळायचे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सरकारने सार्वमत घ्यायचं ठरवलं आणि ते स्वतः प्रचारात उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये तर ते डब्लिनमधल्या पँटीबार या गे बारमध्येही जाऊन आले.

वराडकरांच्या जुन्या वाक्याचं काय झालं, ते आता सांगते. सार्वमताच्या आधीच, एप्रिल २०१५ मध्ये, मुलं आणि कुटुंबविषयक नवा कायदा झाला. समलिंगी जोडप्यांना मिळून मूल दत्तक घेण्याची वाट त्याने खुली केली. हा कायदा करणाऱ्या मंत्रिमंडळात वराडकर होते. २०१० मध्ये ज्या मुद्द्यावर त्यांनी 'नाही' म्हटलं होतं, नेमका तोच मुद्दा. आणि त्यानंतर महिनाभर ते दारोदार, व्यासपीठांवर, स्टुडिओंमध्ये, त्या खांबावरच्या वाक्याच्या विरुद्ध बोलत फिरले. २२ मे रोजी मतदान झालं. लंडनहून, न्यूयॉर्कहून, सिडनीहून मुलं केवळ मत द्यायला घरी आली, बोटींवर आणि विमानतळावर त्यांची गर्दी होती. मी नागरिक नव्हते, मला मत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्लिन कॅसलच्या अंगणात निकाल ऐकायला मात्र उभी होते. ६२ टक्के 'हो'. सगळ्या देशात रॉसकॉमन-साउथ लीट्रिम हा एकच मतदारसंघ 'नाही' म्हणाला. आमच्या घरमालकीणबाईंनी मत काय दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून सांगितलं. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "मी त्या पोराला मत दिलं. आणि त्याच्या आईला."

२०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. जून २०१८ मध्ये, कायदा बदलल्याला पंचवीस वर्षं होत असताना, ते डॉलमध्ये उभे राहिले आणि जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या सगळ्यांची त्यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. भाषणात आकडे होते. १९६२ ते १९७२ या काळात ४५५ जणांना दोषी ठरवलं. आपला जन्म १९७९ चा, त्याआधीच्या तीन वर्षांत ४४ खटले झाले. अमूर्त समाजाबद्दल न बोलता, अमुक साली अमुक इतक्या माणसांना आपण असं केलं, असं ते बोलले. त्याच सभागृहात, जिथे त्यांचं २०१० चं वाक्य नोंदवलेलं आहे.

ब्रिटनमधले हुजूर पक्षाचे लोकही या वाटेने गेले, आपापल्या चालीने. १९८८ च्या कलम २८ ने तिथल्या शाळांमध्ये समलिंगी नात्यांना 'खोटं कुटुंब' ठरवलं होतं. डेव्हिड कॅमेरननी २००९ मध्ये त्याबद्दल पक्षाच्या वतीने माफी मागितली आणि २०१३ मध्ये पंतप्रधान म्हणून विवाहाचा कायदा आणला, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे बाजूने मत देणाऱ्यांपेक्षा जास्त खासदार विरोधात गेले. थेरेसा मे यांनी २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला विरोध केला होता, २०१३ मध्ये विवाहाच्या बाजूने मत दिलं. एप्रिल २०१८ मध्ये लंडनला राष्ट्रकुलाच्या संमेलनात त्या म्हणाल्या, की ब्रिटनने आपल्या वसाहतींत असे कायदे केले आणि त्यांचा भेदभावाचा, हिंसेचा, मृत्यूंचा वारसा अजून चालू आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो. त्या वसाहतींत आपणही होतो. ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतलं. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ६ सप्टेंबर २०१८ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते संमतीने होणाऱ्या नात्यांपुरतं रद्द केलं.

आता आपल्याकडचं. मला हा भाग लिहायला जड जातो, कारण इथे बदल झालेला आहे आणि तो कुणी आपल्या नावावर घेत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केलं तेव्हा भाजपचे अध्यक्ष असलेले राजनाथ सिंह म्हणाले होते, की समलैंगिकता अनैसर्गिक आहे, तिचं समर्थन होऊ शकत नाही, आमचा ३७७ ला पाठिंबा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच पक्षाचे अरुण जेटली म्हणाले, न्यायालयाने त्या निकालाचा फेरविचार करावा. पुढच्याच महिन्यात शशी थरूर यांचं ३७७ बदलणारं खासगी विधेयक लोकसभेत ७१ विरुद्ध २४ मतांनी मांडूसुद्धा दिलं गेलं नाही. मार्च २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे एका कार्यक्रमात म्हणाले, दुसऱ्यांच्या जगण्यावर परिणाम होत नसेल तर समलैंगिकता हा गुन्हा मानू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्ती जोडली, की गुन्हा नाही पण समाजाच्या दृष्टीने अनैतिक आहे, शिक्षा नको, मानसिक प्रश्न म्हणून पाहावं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३७७ चा निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला. निकालानंतर संघाने म्हटलं, आम्हीही हा गुन्हा मानत नाही, मात्र असे विवाह निसर्गाशी सुसंगत नाहीत. आणि जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी 'पांचजन्य' आणि 'ऑर्गनायझर'ला मुलाखत दिली. माणूस आहे तेव्हापासून अशी माणसं आहेत, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असं ते त्यात म्हणाले. दाखला दिला जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा.

'अनैसर्गिक' पासून 'पहिल्यापासून आपल्यातच' पर्यंत, दहा वर्षांच्या आत. हे अंतर मी लहान समजत नाही. नागपूरहून आलेला शब्द डोंबिवलीतल्या, सदाशिव पेठेतल्या, सांगलीतल्या ज्या घरांत पोचतो तिथे कुठल्याही कार्यकर्त्याचं पत्रक पोचत नाही. भागवतांची ती मुलाखत आल्यानंतर माझ्या ओळखीतल्या एका काकांनी, जन्मभर शाखेत गेलेल्या माणसाने, वर्षभर ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या मुलाला गणपतीला घरी बोलावलं. परंपरा मानणारा माणूस परंपरेतूनच वाट शोधतो आणि ती दाखवायला त्याच्याच घरातलं वडीलधारं कुणीतरी लागतं. हे काम उदारमतवाद्यांना जमणारं नाही, म्हणून पुराणमतवाद्यांच्या बदलण्याचं मोल मला फार वाटतं.

आणि म्हणूनच त्यांच्याकडून मला जास्त हवं आहे. मार्च २०२३ मध्ये विवाहाच्या खटल्यात केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं, की समलिंगी जोडपी भारतीय कुटुंबाच्या कल्पनेत बसत नाहीत, कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुलं. १७ ऑक्टोबरला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, विवाहाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. संसदेत सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्येच विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. पण २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्रानेच जाहीर केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातलं धरावं, असंही राज्यांना कळवलं. न्यायालयात जे कुटुंब नव्हतं ते रेशन कार्डावर एक घर झालं.

पुण्यात माझी एक मैत्रीण तिच्या जोडीदारणीबरोबर राहते. त्या सूचनेची प्रिंट काढून दोघी बँकेत गेल्या. मॅनेजरने ती पाहिलेली नव्हती. वाचून त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला, दोघींना चहा पाजला आणि खातं उघडून दिलं. त्या आनंदात तिने मला फोन केला आणि बोलता बोलता अडखळली. म्हणाली, "दिलं हे बरंच झालं गं. पण आधी जे म्हणाले ते चुकीचं होतं, असं कुणी म्हणालं का? माझ्या बाबांकडे ते प्रतिज्ञापत्राच्या बातमीचं कात्रण आहे. हे परिपत्रक त्यांना कोण दाखवणार?"

कात्रण घरात आहे आणि परिपत्रक फायलीत. पुढाऱ्याने हळूच मत बदललं तर त्याचं काम भागतं, पण ज्या बापाने त्याच्या जुन्या शब्दांवर विश्वास ठेवून मुलीशी वैर धरलं त्याला कुणी सोडवत नाही. राजनाथ सिंह आज ते २०१३ चं वाक्य बोलतील असं मला वाटत नाही. बोलणार नाहीत ते नाहीत, पण ते मागेही घेतलेलं नाही, आणि म्हणून ते अजून वापरात आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर पंतप्रधान असताना तीन पिढ्यांच्या कुटुंबासह वराडला आले होते. माझी आत्या त्याच तालुक्यातली. तिने मला फोनवर सगळं सांगितलं, सत्कार, देवळातलं दर्शन, रस्त्याला उभी राहिलेली माणसं. "आमच्या तालुक्यातलो झील थंय पंतप्रधान झालो, बघ!" तिच्या आवाजातला अभिमान खरा होता. सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट तिने उच्चारली नव्हती, म्हणून मीच विचारलं. आत्या शांतपणे म्हणाली, "ता माका म्हायत आसा. पेपरात इल्ला." आणि मग, "सगळ्यांका म्हायत आसा गो. पण बोलतलो कोण?"

गेल्या खेपेला मी तिच्याकडे गेले तेव्हा तिला पुण्याच्या मैत्रिणीची हकिगत सांगितली, बँकेची, कात्रणाची, सगळी. आत्या बराच वेळ खळ्यात तांदूळ पाखडत होती. तिच्या शेजारच्या घरातला एक मुलगा मुंबईला असतो आणि गावाला येत नाही, का येत नाही ते दोन्ही घरांना ठाऊक आहे. निवडणूक आली की उमेदवार तिच्या खळ्यात येतोच, सोलकढी पितो, पाया पडतो. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "येवंदे आता. मी इचारतलंय." काय विचारणार, म्हटलं. तर म्हणाली, की लिओच्या सत्काराक तू पुढे होतंस, मग ह्या शेजारच्या पोराबद्दल दोन शब्द तुझ्या सभेत बोलशीत काय, ता सांग.